संध्याकाळी जाणारा, सकाळी परत येणारा कॅमेरा : कोल्ड स्टोरेज आणि गोदामातल्या सीसीटीव्हीचं नेहमीचं दुखणं

दिवसभर चित्र स्वच्छ. दिवेलागण झाली की गेटचा किंवा मागच्या कंपाउंडचा कॅमेरा काळा पडतो, मिनिटभराने येतो, पुन्हा जातो. रात्रभर हेच. सकाळी टेक्निशियन येतो तेव्हा सगळं सुरळीत असतं. तो पिना हलवतो, "चालू तर आहे की मालक" म्हणतो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. दोन-तीन फेऱ्या झाल्या की कॅमेरा बदलला जातो. नवा लावताना वायरीची टोकं कापून पिना नव्या बसवतात, म्हणून काही दिवस बरे जातात. मग पुन्हा तोच प्रकार.

तासगाव, मिरज, सांगली भागातली बेदाण्याची कोल्ड स्टोरेज असोत की हळदीची गोदामं, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. घरी किंवा दुकानात ती फारशी येत नाही, कारण तिथे वायर पंधरा-वीस मीटरच्या पुढे जातच नाही. स्टोरेजचं आवार मोठं, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं मशीन) ऑफिसात, आणि ज्या कॅमेऱ्याची सगळ्यात जास्त गरज, म्हणजे गाडीचा नंबर टिपणारा गेटवरचा, तोच सगळ्यात लांब. आत ठेवलेला माल बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. शेतकऱ्याने किंवा व्यापाऱ्याने बेदाणा ठेवलेला असतो, त्यावर बँकेची उचल घेतलेली असते. पंधरा किलोच्या पेट्या मोजताना पाच-दहा कमी भरल्या की पहिला प्रश्न येतो, "त्या रात्रीचं फुटेज दाखवा."

कॅमेरा बदलायच्या आधी एकच गोष्ट शोधायची : तो किती वाजता जातो. बिघाडाचं कारण निम्म्याहून जास्त वेळा त्या वेळेतच सापडतं.

आधी मशीनचं घड्याळ बघा

वेळेवरून निदान करायचं तर वेळ खरी हवी. डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघा. पाच-सात मिनिटांचा फरक असेल तर दुरुस्त करून पुढे चला. दर वेळी लाइट गेल्यावर तारीख थेट काही वर्षं मागे जात असेल तर आतला सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलाय, तो स्वस्तात मिळतो. आणि घड्याळ बरोबर अडीच तास पुढे असेल तर टाइम झोन चीनचाच राहिलाय. तो जीएमटी अधिक आठ असतो, आपला अधिक साडेपाच. इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय चालू असली तरी झोन चुकीचा असेपर्यंत मशीन इमानदारीने चुकीचीच वेळ लावत राहतं. हाताने दुरुस्त केलेली वेळ दुसऱ्या दिवशी पुन्हा बिघडलेली दिसते ती यामुळेच.

मग मेनूतला लॉग उघडा आणि मागच्या पंधरा दिवसांचे 'व्हिडिओ लॉस'चे प्रसंग काढा. आयपी (नेटवर्क केबलवर चालणारे) कॅमेरे असतील तर हीच नोंद 'ऑफलाइन' किंवा 'डिसकनेक्ट' म्हणून सापडते. चॅनेल नंबर आणि वेळ एका कागदावर उतरवा. मोबाइल ॲपवर येणाऱ्या सूचनांवर विसंबू नका, नेट गेलं तरी तिथे कॅमेरा गेल्यासारखं दिसतं.

वेळा सूर्यास्ताला चिकटून असतील, डिसेंबरात सहाच्या आसपास आणि मे महिन्यात सातच्या आसपास सरकत असतील, तर बहुतेक करून कॅमेरा चांगला आहे आणि त्याला रात्री पुरेशी वीज मिळत नाही.

रात्रीच का?

अंधार पडला की कॅमेऱ्याच्या तोंडावरचे इन्फ्रारेड (आयआर) एलईडी लागतात. ते लागताना आतली फिल्टरची काच सरकते, 'टक्' असा बारीक आवाज येतो. साधा बुलेट कॅमेरा दिवसा साधारण ०.१५ अँपिअर घेत असेल, तर आयआर लागल्यावर तोच ०.४ अँपिअरपर्यंत जातो. बारा व्होल्टच्या वायरीत जेवढा करंट जास्त, तेवढी वाटेतली गळती जास्त.

आता हिशोब करा. नेहमीच्या थ्री-प्लस-वन केबलमधली (तीन साध्या तारा आणि चित्राची एक केबल एकत्र) वीजपुरवठ्याची तार जेमतेम पाव चौरस मिलिमीटरची असते. ती शुद्ध तांब्याची धरली आणि कॅमेरा ६० मीटरवर असला, तर जाऊन-येऊन १२० मीटर तारेचा रोध आठ ओहमच्या वर जातो. दिवसा या तारेत सव्वा व्होल्ट गळतो, कॅमेऱ्याला पावणेअकरा मिळतात, तो चालतो. रात्री सव्वातीन व्होल्ट गळतात आणि हातात उरतात पावणेनऊ. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या लेबलवर १२ व्होल्ट, दहा टक्के कमी-जास्त, असं लिहिलेलं असतं. म्हणजे १०.८ च्या खाली कंपनीने कसलीच हमी घेतलेली नाही.

हे तांब्याचं झालं. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बंडलात वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असतं, त्याचा रोध दीडपटीहून थोडा जास्त. त्याच ६० मीटरवर रात्री पाच व्होल्ट वाटेतच जिरतात. कॅमेरा बंद पडतो, आयआर विझतात, भार उतरल्याबरोबर व्होल्टेज वर येतं, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, अंधार दिसताच आयआर लावतो आणि पुन्हा बसतो. रात्री शिडीजवळ उभं राहिलात तर तो टक्-टक् आवाज ठरावीक अंतराने ऐकू येतो. लॉगमध्येही याची खूण उमटते : एकाच चॅनेलच्या मिनिट-दीड मिनिटाच्या अंतराने लागोपाठ नोंदी. मेलेला कॅमेरा असं करत नाही, तो एकदाच जातो आणि परत येत नाही.

केबल कसली आहे हे ओळखायला दुकानदाराला विचारायची गरज नाही. तार ब्लेडने खरवडा. वर लाल आणि आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. वर पांढरी, आत लाल असेल तर ते कथील चढवलेलं तांबं, ते उत्तम. चुंबक चिकटला तर आत पोलाद आहे, मग बोलायलाच नको.

दिवसाढवळ्या रात्र करून मोजा

टेक्निशियन दिवसा येतो आणि बिघाड रात्री होतो, त्यामुळे हे भांडण मिटत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत डे-नाइट सेटिंग 'ऑटो'वरून 'नाइट'वर टाका, किंवा तोंडावर फोटोसेलचा (उजेड ओळखणारा) बारीक ठिपका असेल तर त्यावर काळी टेप लावा. आयआर लागतील. हाताचा पंजा थेट काचेवर ठेवू नका, हल्लीचे कॅमेरे जवळून परत येणारा उजेड पाहून आयआर आपणहून मंद करतात आणि मग खरा भार पडतच नाही.

आता मल्टिमीटरने कॅमेऱ्याच्या टोकाशी व्होल्टेज मोजा, आणि मोजताना पिन कॅमेऱ्याला जोडलेली असू द्या. ही गोष्ट बऱ्याच जणांकडून राहते. पिन काढून मोजलं की मीटर हमखास १२ दाखवतो, कारण करंटच वाहत नाही तर गळती कुठून होणार? पिन आणि कॅमेरा यांच्यामध्ये स्क्रूवाला डीसी जॅक लावला की जोडलेल्या अवस्थेत मोजता येतं. आयआर चालू असताना ११ किंवा वर असेल तर वीज ठीक आहे, कारण दुसरीकडे शोधा. १०.८ च्या खाली असेल तर निदान झालं.

मग उलट्या बाजूने, एसएमपीएसच्या (कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायच्या) टर्मिनलवर मोजा. तिथेही सगळे आयआर चालू असताना बारा मिळत नसतील तर दोष वायरीचा नाही, एसएमपीएसचा आहे. सोळा कॅमेऱ्यांना ५ अँपिअरचाच लावलेला असतो, किंवा चार-पाच वर्षं पत्र्याच्या उष्णतेत राहून आतले कपॅसिटर वरून फुगलेले असतात. अशा वेळी एक नाही, चार-सहा कॅमेरे एकदम हलतात, आणि सगळ्यात लांबचा आधी जातो.

एसएमपीएसकडे बारा मिळतात आणि वायरही पुरेशी जाड आहे, तरी कॅमेऱ्याकडे कमी भरत असेल तर जोड शोधा. वायर कमी पडली म्हणून कुठेतरी पिळून टेप गुंडाळलेला असतो, बहुतेक वेळा पत्र्याच्या पन्हाळीखाली. बेदाण्याच्या युनिटमध्ये आणखी एक गोष्ट आहे. गंधकाची धुरी देतात त्या शेडजवळची तांब्याची टोकं काळी पडतात, आणि अमोनियावर चालणाऱ्या स्टोरेजमध्ये मशीन रूमजवळची टोकं दमट हवेत हिरवी-निळी होतात. काळ्या-हिरव्या टोकाला नवी पिन लावून उपयोग नाही, चकाकती तार दिसेपर्यंत मागे कापा.

दुरुस्ती, माझ्या पसंतीच्या क्रमाने

सगळ्यात चांगलं म्हणजे वीज जवळ नेणं. गेटवर वॉचमनची खोली असते, तिथे २३० व्होल्टचा पॉइंट असतो. बंद पावसाळी बॉक्समध्ये १२ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर तिथेच लावा आणि लांबच्या केबलमधून फक्त चित्र येऊ द्या. यात एक खोच आहे : वॉचमन हिवाळ्यात शेगडीसाठी तोच प्लग काढतो. प्लग-सॉकेट न ठेवता थेट टर्मिनलवर जोडून घ्या. आणि हा अडॅप्टर यूपीएसवर नाही, हे लक्षात ठेवून पुढे वाचा.

जवळ वीज नसेल तर वेगळी जाड तार ओढा. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची दोन-कोअर केबल त्याच ६० मीटरवर दोन ओहमच्या आसपास भरते. रात्रीची गळती सव्वातीनवरून पाऊण-एक व्होल्टवर येते. कॅमेरा बदलण्याच्या खर्चाशी तुलना करून बघा.

आजच्या रात्रीपुरता जुगाड हवा असेल तर थ्री-प्लस-वनमधली तिसरी तार बघा. आवाजाचा माइक लावलेला नसेल तर ती मोकळी असते. दोन्ही टोकांना ती निगेटिव्हला जोडून दिली की गळती पाव हिश्शाने कमी होते. काठावर असलेला कॅमेरा एवढ्यावर तग धरतो. शिवाय जिथे कंपाउंडला हॅलोजन किंवा एलईडी रात्रभर चालू असतात, तिथे आयआर बंद करून टाका. भारही गेला आणि कोळीही गेले, त्याबद्दल पुढे.

एसएमपीएसचा स्क्रू फिरवून व्होल्टेज १४ पर्यंत चढवायचा उपाय बरेच जण करतात. लांबचा कॅमेरा चालू होतो खरा, पण त्याच एसएमपीएसवरचा ऑफिसाबाहेरचा कॅमेरा दिवसा पावणेचौदा-चौदा व्होल्ट खात बसतो आणि काही महिन्यांनी तोच जातो. एका कॅमेऱ्यासाठी वेगळा एसएमपीएस असेल तरच हा स्क्रू हलवावा.

नव्याने सगळं करायचं असेल तर पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे) आयपी कॅमेरे घ्या. तिथे वीज पन्नास व्होल्टच्या आसपास जाते, त्यामुळे त्याच वॅटला करंट साधारण चौथा हिस्सा लागतो आणि गळतीचा प्रश्न शंभर मीटरपर्यंत जवळपास उरत नाही. मात्र स्विचची एकूण क्षमता बघा. प्रत्येक पोर्टला १५.४ वॅट देऊ शकणारा आठ पोर्टचा स्विच एकूण ६०-६५ वॅटचाच असू शकतो. दिवसा आठही कॅमेरे चालतात, संध्याकाळी आयआर लागले की एक-दोन पोर्ट बंद. तोच जुना आजार नव्या कपड्यांत. आणि कॅट-सिक्स म्हणून ॲल्युमिनियमची केबल गळ्यात मारली जाणार नाही याची काळजी घ्या, ब्लेड इथेही चालतं.

वेळा सूर्यास्ताशी जुळत नसतील तर

सगळे कॅमेरे एकदम, दोन-चार सेकंदांसाठी, दिवसा-रात्री केव्हाही जात असतील तर ती वेळ कॉम्प्रेसरच्या लॉगबुकशी जुळवून बघा. मोठी मोटर सुरू होताना लाइन क्षणभर दबते, एसएमपीएस तेवढी खोट भरून काढू शकला नाही की सगळे कॅमेरे रीस्टार्ट होतात. लाइट गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतच्या वेळेतही हेच. इथे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच उणीव सापडते : यूपीएस डीव्हीआरला लावलेला, कॅमेऱ्यांचा एसएमपीएस मात्र थेट लाइनवर. डीव्हीआर जागा राहून अंधार रेकॉर्ड करतो. सोळा कॅमेरे रात्रीसुद्धा मिळून ८०-९० वॅट खातात, डीव्हीआरचे थोडे. ६०० व्हीएचा साधा यूपीएसही एवढा भार पेलतो आणि जनरेटर येईपर्यंतचा वेळ काढून देतो. एसएमपीएस, पीओई स्विच आणि राउटर तिघांनाही त्यावर घ्या. गेटचा वेगळा अडॅप्टर असेल तर तिथे छोटा डीसी यूपीएस लावा.

आठवड्यातल्या एका ठरावीक दिवशी पहाटे मशीन दोन-तीन मिनिटं गायब होत असेल तर घाबरू नका. काही मशीनमध्ये आपोआप रीस्टार्टची सोय फॅक्टरीतूनच चालू असते. ती बंद करा, किंवा गाड्या भरायची वेळ नसेल तेव्हाची वेळ द्या.

एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान जाणारे कॅमेरे उष्णतेचे. पत्र्याच्या छपराला चिकटवलेला पीओई स्विच किंवा धुळीने भरलेला डीव्हीआरचा पंखा. आणि पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने जाऊन उन्हं आली की परत येणारा कॅमेरा म्हणजे जंक्शन बॉक्समध्ये पाणी. बॉक्सला वरून भोक पाडून वायर घेतलेली असते. ती खालून घ्या आणि वायरीला बॉक्सच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला ठिबकेल.

चेंबरमधला कॅमेरा : थंडीने कमी, दारामुळे जास्त

कोल्ड स्टोरेजच्या चेंबरमधले कॅमेरे पुसट होतात, आतून पाणी धरतात, वर्ष-दोन वर्षांत मरतात. मालक म्हणतो थंडी सोसत नाही. पण बाहेर वापरायच्या बहुतेक कॅमेऱ्यांना शून्याच्या खालचं तापमानही चालतं, बेदाण्याच्या चेंबरची थंडी त्यांच्यासाठी काहीच नाही. त्रास होतो तो ओलाव्याचा.

माल लावताना दार तासन्‌तास उघडं असतं, बाहेरची दमट हवा आत येते आणि थंड काचेवर दव धरतं. हे तात्पुरतं, दार बंद झालं की जातं. खरा घात होतो पफ पॅनलमधून (चेंबरच्या फोम भरलेल्या भिंतीतून) केबल नेलेल्या पाइपमुळे. पाइपचं एक टोक उबदार पॅसेजमध्ये, दुसरं थेट कॅमेऱ्याच्या बॉक्समध्ये. बाहेरची दमट हवा त्या पाइपातून आत ओढली जाते, थंड बाजूला तिचं पाणी होतं आणि ते कॅमेऱ्याच्या कनेक्टरवर उतरतं. कॅमेरा वॉटरप्रूफ असून उपयोग काय, पाणी पाठीमागून येतंय. उबदार बाजूचं टोक सिलिकॉनने किंवा पीयू फोमने पूर्ण बंद करा. केबलच्या भोवतीचीच नव्हे, पाइपच्या आतली पोकळीसुद्धा. शक्य असेल तिथे कनेक्टर चेंबरच्या बाहेर आणा. पीओईचा ओला आरजे४५ (नेटवर्क केबलची पिन) तर फार लवकर सडतो, कारण ओल्या पिनांमधून सतत डीसी वाहत असतो. आतच ठेवावा लागला तर कॅमेऱ्याबरोबर मिळालेली रबरी टोपी लावा. ती बॉक्समध्ये तशीच पडून असते, दर वेळी.

ऑफ-सीझनला चेंबर रिकामा म्हणून तिथले कॅमेरे बंद करू नका. चालू कॅमेरा स्वतःच्या उष्णतेने आतून कोरडा राहतो. बंद केला की आत ओल धरते आणि पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा बेदाणा येतो तेव्हा तो चालू होत नाही.

(आणि थप्पी छतापर्यंत लावली की चेंबरच्या कॅमेऱ्याला समोरच्या पेटीची एक बाजू सोडून काही दिसत नाही. यावर माझ्याकडे वायरमनचा उपाय नाही, हमालांच्या मुकादमाशी बोला.)

कोळी

रात्री चित्र जात नाही पण पांढरं धूसर होतं, मोशनच्या सूचना शेकड्याने येतात, तर कॅमेऱ्यासमोर जाळं आहे. आयआरकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी. जाळ्याचा एक धागाही जवळच्या आयआरमध्ये दोरखंडाएवढा चमकतो. बांबूला मऊ ब्रश बांधून महिन्यातून दोनदा जाळी काढा, पावसाळ्यात आठवड्याला. कायमचा उपाय म्हणजे कॅमेऱ्याचे आयआर बंद करून दोन-तीन मीटर बाजूला वेगळा आयआर दिवा लावणं. कोळी दिव्याकडे बस्तान हलवतात. डोमची काच कोरड्या फडक्याने घासू नका, पत्र्याखालची धूळ तिच्यावर ओरखडे पाडते आणि ते ओरखडे रात्री चमकतात. साबणाचं पातळ पाणी, मऊ कापड, एवढं पुरतं. थिनर किंवा पेट्रोलने प्लास्टिक पांढरं पडतं.

करार करताना

वार्षिक देखभालीचा करार करत असाल तर 'सर्व कॅमेरे तपासले' अशा एका ओळीवर सही देऊ नका. प्रत्येक कॅमेऱ्यापुढे आयआर चालू असतानाचं, पिन जोडलेली असतानाचं व्होल्टेज लिहून मागा. दर तिमाहीला तोच तक्ता भरला की एखादा आकडा ११.४ वरून ११.१, मग १०.९ असा घसरताना दिसतो, आणि कॅमेरा जायच्या आधीच गंजणारा जोड सापडतो. त्याच तक्त्यात मशीनच्या घड्याळाचा फरक आणि सगळ्यात जुनं फुटेज कोणत्या तारखेचं आहे ते लिहायला लावा. सोळा कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने चोवीस तास रेकॉर्ड करत असतील तर दिवसाला सुमारे ३४५ जीबी लागतात, म्हणजे ४ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. मालकाच्या डोक्यात मात्र महिनाभराचं फुटेज असतं. पेट्या कमी असल्याचं माल बाहेर काढताना, कित्येक महिन्यांनी कळतं. त्यामुळे माल लावल्याच्या आणि काढल्याच्या दिवसांचं गेटचं, डॉकचं फुटेज त्याच आठवड्यात वेगळ्या डिस्कवर उतरवून, पावती नंबर टाकून ठेवायचं काम कोणाचं, हेही करारातच लिहून घ्या.